जानकीमावशी आणि बांधावरचा शब्द

सकाळी इंटरकॉम वाजला. ‘साहेब, जानकीमावशी गेल्या,’ वॉचमन म्हणाला. आणि मी, खोटं कशाला लिहू, हळहळण्याआधी विचारलं, ‘तुला कोण म्हणालं?’ गेटवरच्या रिक्षावाल्याने सांगितलं, असं त्याने सांगितलं. मग रिक्षावाल्याला कोणी सांगितलं, हेही मी विचारलं. बायको हातातला चहाचा कप तसाच धरून माझ्याकडे बघत राहिली. ‘अहो, माणूस गेलंय,’ ती म्हणाली, ‘आणि तुम्ही साक्षीपुरावे काय काढताय?’ त्याला आता दीड महिना झाला. सरकारी कचेरीत उभी हयात चौकशीच्या फायली चाळण्यात गेली की माणसाचं असं होतं. समोरचा चांगलं वागला की आधी वाटतं, याला हवंय काय? बायको म्हणते, तुम्हाला प्रसादाच्या शिऱ्यातही साखर कुणी खाल्ली याचा संशय येतो. तिचं म्हणणं मला पूर्ण नाकारता येत नाही.

जानकीमावशी आमच्या उलव्यातल्या सोसायटीच्या मागच्या गावातली. गेटपाशी सावलीला पाटी घेऊन बसायची. मी सोसायटीचा सेक्रेटरी, मूळचा साताऱ्याकडचा, मासळीतलं मला काय कळणार, म्हणून जे कळत नाही त्यावर दुप्पट संशय. प्रत्येक माशाचे कल्ले उघडून बघायचो. काही दिवसांनी तीच मला लांबून येताना बघून कल्ला उघडून धरायला लागली. ‘या सेक्रेटरी, बगून घ्या. कालीज पन दाखवू काय?’ बाकीच्या बायका खो खो हसायच्या. एकदोनदा बायकोने तिला मासळी साफ करायला वर घरीही बोलावलं होतं. पण तिची तऱ्हा वेगळी होती खरी. प्लॅस्टिकच्या पिशवीत मासळी द्यायची नाही, घरून भांडं आणायला परत पाठवायची. माशांची बोटाएवढी पिल्लं पाटीत ठेवायची नाही. पावसाळ्यात तर नारळी पुनवेपर्यंत ती गेटवर दिसायचीच नाही. मला वाटायचं, ही सगळी भाव वाढवायची युक्ती आहे. हे मी चारचौघांत बोलूनही दाखवलं होतं. तिच्या कानावर गेलं असणार, पण तिने कधी विषय काढला नाही.

मग एका रविवारी ती आमच्या सोसायटीच्या मीटिंगला आली. स्वच्छ लुगडं, केसात अबोली, आणि चपला दाराबाहेर काढलेल्या. आमच्या इमारती आणि गाव यांच्यामध्ये खाडीचा एक फाटा आहे. त्याच्या बांधात जुनी उघाडी आहे, म्हणजे भरतीचं पाणी बाहेर अडवणारी आणि ओहोटीला आतलं पाणी सोडणारी झडप. घरोघरी फ्लॅटची कामं निघाली की राडारोडा टेम्पोने रातोरात तिथे जायचा. उघाडी तुंबली होती. गावात चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, मिळेनासे झाले होते आणि आमच्या पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी साचत होतं. मावशीचं म्हणणं साधं होतं. पूर्वी बांधामागे भातशेती होती तेव्हा बांधाला खांड पडून खारं पाणी आत शिरलं की घरटी एक माणूस घमेलं घेऊन यायचं, शेत कुणाचं हे कोणी विचारायचं नाही. तसंच आता गावाने आणि तुम्ही मिळून एक शब्द द्यायचा. राडारोडा खाडीत नाही, प्लॅस्टिक नाही, आणि दर अमावास्येच्या ओहोटीला घरटी एक जण उघाडीचा गाळ काढायला.

सगळे माना डोलावत होते. मी विचारलं, ‘मावशी, यात तुमचं काय?’

‘माजं?’ ती जरा गोंधळली. ‘माजं काय नाय... आपलंच हाय ना सगळं.’

आपलंच, हा शब्द ऐकला की मी सावध होतो. आमच्या कचेरीत ज्यांनी ज्यांनी ‘आपलंच’ म्हटलं, त्यांच्या फायली शेवटी माझ्या टेबलावर आल्या. मी मनात यादी केली. भाचा निवडणुकीला उभा राहणार असेल, गाळ काढायचं कंत्राट हवं असेल, नाहीतर फाट्याकाठची जागा. पुढचे दोन आठवडे मी आडून आडून चौकशा केल्या. भाचा नव्हताच. कंत्राटाचंही कुणाला माहीत नव्हतं. काही सापडत नाही म्हणून माझा संशय आणखी घट्ट झाला.

अमावास्येला आम्ही पंधरावीस जण बांधावर गेलो. गावातलीही तेवढीच माणसं होती. तिथली रीत मावशीने मला आधी समजावून सांगितली होती. ‘सेक्रेटरी, पयले सवताचा बोलायचा, मंग दुसऱ्याकडं शब्द मागायचा.’ म्हणजे खाडीचं आपल्या हातून जे काही वाईट झालं ते प्रत्येकाने आधी सगळ्यांसमोर सांगायचं, मग पाण्यात हात बुडवून शब्द द्यायचा. सुरुवात तिनेच केली. गेल्या साली गाभोळीच्या, अंडी भरलेल्या चिंबोऱ्या विकल्या, म्हणाली, जास्त भाव आला म्हणून, आणि मान खाली घातली. मग हसुरामबाबा उठले. पूर्वीचे शेतकरी, आता जमीनमालक, शेताच्या बदल्यात जासईच्या बाजूला मिळालेली जागा ट्रेलरवाल्यांना भाड्याने दिलेली. ‘माजे जागेवर गाड्या धुतान,’ ते म्हणाले, ‘तो काला पानी खाडीन येतं. मना ठाव हाय, पन मी गप ऱ्हायलो.’ एकेक जण बोलत गेला. कोणी हसलं नाही, कोणी कुणाला दोष दिला नाही.

माझी पाळी आली. मी घसा खाकरून म्हणालो, ‘आमच्या सोसायटीत सगळं नियमाप्रमाणे चालतं. माझ्या घराचं म्हणाल तर काहीच नाही.’ आणि पिशवीतून स्टॅम्पपेपर काढला. तोंडी शब्दावर माझा विश्वास नव्हता. मी रीतसर करारनामा लिहून आणला होता, खाली सह्या-अंगठ्यांना जागा सोडलेली. मला वाटलं, आता यांच्यात कोण खरं आणि कोण खोटं ते कळेल.

तो कागद बघितल्यावर गावाचे चेहरे असे मिटले की काय सांगू. ‘आमचे शेतावर पन असाच कागद आनलेला,’ हसुरामबाबा म्हणाले. ‘सही झाली, शेत गेला.’ मागून कुणीतरी बोललं, ‘बिल्डरचा मानूस हाय काय ह्यो?’ मी समजवायला गेलो तसे ते आणखी मागे सरकले. आयुष्यभर मी लोकांवर संशय घेतला, पण माझ्यावर कुणी घेतल्याचं मला आठवत नव्हतं. पाच मिनिटांत बांध रिकामा झाला. मावशी तेवढी उभी होती. ‘कागद कशाला आनला, सेक्रेटरी?’ मी म्हणालो, ‘तोंडी शब्दाला काय किंमत असते?’ काहीतरी बोलणार असं वाटलं... पण बोलली नाही. आपली चोरी पकडली गेली म्हणून गप्प बसली, असं मी तेव्हा समजलो आणि घरी येऊन तसं सांगितलंही.

शब्द द्यायचा राहिला तो राहिलाच. पुढे दर अमावास्येला मावशी आणि तिची सून वनिता, दोघीच उघाडीवर उतरायच्या. मी गॅलरीतून बघायचो. खाली जावंसं कधी कधी वाटायचं, पण गेलो तर आपण चुकलो असं होईल, म्हणून गेलो नाही. गेटवर मात्र ती पूर्वीसारखीच कल्ला उघडून धरायची. हिवाळ्यानंतर तिचं येणं कमी झालं, छातीत दुखतं म्हणाली, आणि मग तो इंटरकॉम वाजला.

दहाव्याला जायला मला धीर झाला नाही. तेराव्यानंतर बायकोने जवळजवळ ढकललंच, तेव्हा बांधावरून गेलो. पाय चिखलाने भरले. वनिताने दारातून तांब्या पुढे केला. ‘पाय धुवा नि या, काका.’ दाराच्या बाजूला मासळी साफ करायची न्हाणी होती. मी तिथे उभा राहून पायावर पाणी ओतलं, आणि चिखल वाहून गेला तशी खालची फरशी दिसायला लागली. हिरव्या लाद्या, त्यावर पांढरी बारीक फुलं. काही अर्ध्या, काही कोपरा उडालेल्या, पण नीट जुळवून बसवलेल्या.

त्या माझ्या बाथरूमच्या होत्या. बायकोने स्वतः निवडलेल्या. दोन वर्षांपूर्वी आम्ही काम काढलं, ठेकेदाराने जुन्या लाद्या टेम्पोत भरल्या आणि मी, रिक्षावाल्यालासुद्धा न सोडणारा माणूस, त्या कुठे चालल्यात हे विचारलं नव्हतं. विचारलं नव्हतं, कारण उत्तर मला माहीत होतं.

‘ह्या कुठल्या?’ मी तरीही विचारलं. पुरावा म्हणून जपून ठेवल्या असतील, हा विचार तेव्हाही आलाच.

‘उघाडीन अरकलेल्या. पाटीभर निंगाल्या,’ वनिता म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, ‘आय तुमचे घरा बाथरूमान हात धुवाला गेलेली ना, तिनं लगेच वलखल्या. त्या बांधावरचे मीटिंगचे आदीच. मी बोलले, सांग ना त्यान्ला तोंडावर. तर बोलली, नाय, सेक्रेटरी सवता सांगंल. आपन नाय बोलायचा.’

म्हणजे त्या दिवशी बांधावर मी ‘काहीच नाही’ म्हणालो, तेव्हा तिला ठाऊक होतं. कागद पुढे करून मी गावाकडून सह्या मागत होतो, तेव्हाही ठाऊक होतं. एका वाक्यात तिने मला सगळ्यांसमोर उघडं पाडलं असतं. त्यानंतर इतके महिने गेटवर तिने वाट बघितली, आणि मी तिच्या माशांचे कल्ले तपासत राहिलो. मला तिथे फार लाज वाटली. वनिताने चहा पुढे केला तो माझ्याने घेववेना.

परवाच्या अमावास्येला मी ओहोटीच्या वेळी गेलो. वनिता होती, हसुरामबाबा होते, आणखी चारपाच जण. मी लाद्यांचं सांगितलं. ठेकेदाराचं नाव पुढे केलं नाही. सांगून पाण्यात हात बुडवला. हसुरामबाबा माझ्या पिशवीकडे बघत होते, आत आणखी एखादा कागद आहे का म्हणून. त्यांचा विश्वास बसला नव्हता, आणि त्यांच्या जागी मी असतो तर माझाही बसला नसता. माझ्यावर विश्वास ठेवणारं त्या खाडीकाठी एकच माणूस होतं, आणि मी खोटं बोललो ते तिच्याच समोर.