सिग्नलवरचा पाय

आमच्या जुन्या गाडीचा डायनामो काढून गॅरेजवाल्या मन्सूरभाईंनी अल्टरनेटर बसवला. पूर्वी गाडी उभी राहिली की दिवे मिणमिणायचे, म्हणून सिग्नलला मी अ‍ॅक्सिलरेटर हलकेच दाबून धरायचो. "आता उभ्या गाडीतही बॅटरी चार्ज होते. पाय काढत जा, साहेब," मन्सूरभाईंनी बजावलं होतं. तरी काल संध्याकाळी सिग्नलला पाय आपोआप खाली गेला. दिवे लख्ख होते आणि मी गाडी उगाच गुरगुरवत बसलो होतो.

दुखणं जातं, पण त्याची काळजी मात्र ती घेणाऱ्याच्या अंगात मुरून राहते. बाबांच्या हृदयाच्या ऑपरेशनला दोन वर्षं झाली. ते रोज टेकडी चढून येतात. तरी घरात आम्ही दारं हळूच लावतो, त्यांचा कुणी मित्र गेला तर चार दिवस उशिरा सांगतो.

शेजारी बसलेले बाबा गाडीची गुरगुर ऐकत होते. "बरी झाली ना ती?" ते म्हणाले. "मग विश्वास ठेव की तिच्यावर."

मी पाय काढला. दिवे तसेच राहिले.

घरी पोचल्यावर मी सवयीने दार हळूच लोटायला वळलो, तोवर बाबांनी ते धाडकन लावलं होतं.