वत्सलाने नाकारलेले मार्क

मी ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने काढत होते, तेव्हा मैत्रेयीचा ओटावाहून फोन आला. "मावशी, मॉम इज गॉन... झोपेतच." दोन दिवसांसाठी म्हणून लेकीकडे गेलेली माझी मैत्रीण वत्सला आता परत येणार नव्हती.

मूळची नागपूरची वत्सला इथे कॅनडात, मिसिसागाला, एअरपोर्टजवळच्या एका लॉजिस्टिक्स कंपनीत होती. आमची ओळख आंबेडकर जयंतीच्या कार्यक्रमातली. तिच्या ऑफिसात मॅनेजरची जागा निघाली की कुणीतरी बिझनेसच्या डिग्रीवाला बाहेरून यायचा आणि त्याला काम शिकवायची वत्सला. नवरा गेलेला, पन्नाशी उलटलेली. एकदा मला म्हणाली, "मी इटलीला अप्लाय केलंय. छोटं खासगी विद्यापीठ आहे. फक्त बिझनेस शिकवतात, तेही इंग्लिशमध्ये."

"इथे काय कमी आहे?"

"इथे नोकरी करून संध्याकाळचे क्लासेस करत बसले, तर डिग्री मिळेपर्यंत रिटायर होईन."

मैत्रेयीने "मॉम, आर यू सिरियस?" विचारलं, तर म्हणाली, "तुझ्या अ‍ॅडमिशनच्या वेळी मी विचारलं होतं का?"

कंपनीतून बिनपगारी रजा काढून ती गेलीच. विद्यापीठ म्हणजे एकच इमारत. इतकं लहान, की कॉफी देणारी बाईसुद्धा मुलांना नावाने हाक मारायची. परीक्षा बऱ्याचशा तोंडी. प्रोफेसर समोर बसून प्रश्न विचारणार, मार्क तिथेच सांगणार. पटले नाहीत तर विद्यार्थ्याने ते नाकारून पुन्हा परीक्षा द्यायची. फायनान्सच्या परीक्षेत वत्सला अडखळली. तरी प्रोफेसरांनी पास केलं आणि हसून म्हणाले, "तुमच्या वयाला हे पुष्कळ आहे." तिने मार्क नाकारले!

"अगं, पास झाली होतीस ना?" मी व्हिडिओ कॉलवर ओरडलेच. "आता नापास झालीस तर?"

"तर नापास. पण वयाचे मार्क नकोत मला."

सुट्टीत वर्गातली मुलं घरोघर पांगली, ही लायब्ररीत बसली. दुसऱ्या वेळी त्याच प्रोफेसरांनी तिला चांगलंच पिळून काढलं आणि शेवटी उठून हात मिळवला. मार्क किती पडले हे तिने मला नंतर कधीतरी सांगितलं, त्या दिवशी फक्त म्हणाली, "एकही प्रश्न सोपा नव्हता, माहितेय?" केवढी खूश होती...

परत आल्यावरही जुन्या कंपनीने वरची जागा दिली नाही. तिने ती सोडली आणि हॅमिल्टनला, पोलादाची वाहतूक करणाऱ्या कंपनीत ऑपरेशन्स मॅनेजर झाली. रविवारी बेसमेंटमध्ये दोन खुर्च्या समोरासमोर मांडून, भारतातून नव्याने आलेल्या मुलींची इंटरव्ह्यूची तयारी करून घ्यायची.

वत्सलाच्या पुण्यानुमोदनाचा, श्रद्धांजलीचा कार्यक्रम झाला. त्यानंतरच्या रविवारी मी तिच्या घरी मैत्रेयीला आवराआवरीत मदत करत होते. बेल वाजली. दारात प्रज्ञा, त्या मुलींपैकीच एक. "काकू, आज यावं की नाही कळेना... पण उद्या इंटरव्ह्यू आहे."

मैत्रेयीने माझ्याकडे पाहिलं. मी आयुष्यभर हॉस्पिटलात आहारतज्ज्ञ होते, इंटरव्ह्यू कधी कुणाचे घेतले नव्हते. पण खाली गेले, दिवा लावला, वत्सलाच्या खुर्चीत बसले आणि म्हटलं, "हं, स्वतःबद्दल सांग."

"सॉरी, माझं इंग्लिश जरा..."

"सॉरी कशाबद्दल?"

प्रज्ञा हसली. "वत्सलाताईही हेच विचारायच्या," म्हणाली, आणि ताठ बसून बोलू लागली.