चादरीचं दुसरं टोक

परक्या देशातल्या एका हॉटेलच्या धुलाईखान्यात तिने अख्खा उन्हाळा चादरींच्या घड्या घालण्यात काढला. मोठ्या चादरीला दोघी लागतात. दुसरं टोक एका म्हातारीकडे असायचं. एकीची भाषा दुसरीला कळत नव्हती. म्हातारी घाईने टोक ओढायची आणि ही दर वेळी म्हणायची, "थांब, थांब." म्हातारीला वाटलं, हे हिचं नावच. बघता बघता सगळा धुलाईखाना तिला 'थांब' म्हणू लागला. चूक सुधारण्याइतकं त्राण तिच्यात उरलेलं नसायचं.

मालकीणबाईंनी हिवाळाभर राहायचा आग्रह केला होता. तिने नाही म्हटलं. लेकीला मामाकडे आणखी किती दिवस ठेवणार?

निघायच्या दिवशी लेकीचा फोन आला. "आई, निघालीस ना? की रमलीस तिकडेच?"

"रमतेय कसली. हाडं खिळखिळी झालीत. आले की आधी झोपणार."

"झोप की. पण ये तर आधी."

एप्रन खुंटीला अडकवून ती दाराशी पोचली, तोच मागून म्हातारीची हाक आली, "थांब!"

म्हातारी नुसतं नाव घेत होती, हे कळत असूनही तिचा पाय उचलेना. वळून पाहिलं, तर म्हातारी मोठी चादर छातीशी धरून एकटीच उभी. तिने बॅग खाली ठेवली आणि दुसरं टोक धरलं. या खेपेला म्हातारीने मुळीच घाई केली नाही.

घडी झाल्यावर ती हळूच म्हणाली, "येते हं."

म्हातारीने हेही नावच समजून दोनदा म्हणून पाहिलं, "येते. येते."