शिक्षा म्हणजे शिक्षण

भूतबीत, करणी... या सगळ्याची मी टिंगल करणारा माणूस. ऑफिसात कुणी असले किस्से सांगू लागलं की मी चहाला उठायचो. त्यामुळे हे लिहिताना जरा ओशाळल्यासारखं होतंय.

मी जबलपूरला बँकेत असतो. माझी रेखाताई लग्न होऊन इथेच आली. नेपियर टाउनमध्ये तिचा दातांचा दवाखाना. पूर्वी इथल्या केबलवर एक गेम शो लागायचा - मोठं लाकडी चाक फिरवायचं, ज्या विषयावर थांबेल त्यावर प्रश्न. माझा मित्र तिवारी तोच शो यूट्यूबसाठी नव्याने काढत होता. नवे लाइट, मोबाइलवर व्होटिंग, सगळा थाट. चाक मात्र हट्टाने जुनंच, जबलपूरच्याच गढा भागातल्या एका गोदामातून आणलेलं. माणसाएवढं उंच, लोखंडी चौकटीत उभं, कडेला खुंट्या. मोटर नाही, वायर नाही... मी स्वतः पाहिलंय.

शूटिंग भर दुपारी, दवाखान्याच्या वरच्या हॉलमध्ये. चाकावर हिंदीत विषय रंगवलेले - खेल, सिनेमा, इतिहास, शिक्षा. हिंदीतली शिक्षा म्हणजे शिक्षण, हे इथल्या मराठी घरांत शेंबड्या पोरालाही कळतं. आधीचे दोघं हिंदीवाले शिक्षावरच थांबले होते. शाळा-कॉलेजचे प्रश्न सोडवून हसत उतरले.

मग ताईची पाळी. चाक पुन्हा शिक्षावर. खुंटीवरचा हात न काढताच ती माझ्याकडे वळून हसली. "घे, मलाच शिक्षा. देऊन टाका म्हणा."

चाक उलटं फिरलं. तिचा उजवा हात खुंटी आणि चौकटीच्या मधे खेचला गेला आणि हाड मोडल्याचा आवाज सगळ्या हॉलने ऐकला. मी आणि तिवारी चाकाला लोंबकळलो, त्याने आम्हालाही उचललं. सुलटं... परत उलटं. दर फेरीला तिचं तोंड लाकडावर आपटत होतं. रंगवलेली अक्षरं रक्ताने भरली. तिवारीने लाइटचा स्टँड आत घुसवला, तो वाकला. मी रडत होतो, हे लिहायला लाज नाही.

काय सुचलं कोण जाणे, मी मराठीत ओरडलो, "शिक्षा नाही, शिक्षण! शिक्षण!"

चाक थांबलं. तिथल्या तिथे.

दुसऱ्या दिवशी आम्ही ते फोडून जाळलं. आत लाकडाशिवाय काही नव्हतं. तिवारी अजून विचारतो, "शिक्षा में क्या बुराई है, भैया?" त्याला मराठीतला अर्थ सांगितला, पण त्याला तो पटत नाही.

ताईची तीन बोटं मिटत नाहीत. दवाखान्याला कुलूप आहे. परवा डाव्या हाताने कप उचलत ती म्हणाली, "चाक कसं फिरलं ते जाऊ दे रे. मला शिक्षा काहून झाली? किती दिवसांची विचार करून राहिली मी... काहीच सापडत नाही."

मला चाकाचं उत्तर नको आहे. तिला काय सांगू, हे कुणाला माहीत असेल तर सांगा.