सर्जेराव मास्तरांचा गुडघा

सर्जेराव मास्तर चालताना डावीकडं कलायचे, आणि त्याचा त्यांना कोण अभिमान! भवानीनगरजवळच्या एका शाळेत ते पोरींना खो-खो शिकवत. दर जूनला नव्या पोरी मैदानावर आल्या, की विजारीचा पाय वर सरकवून वाकडा गुडघा दाखवायचे. "खांबाला सूर मारला तवा कट्‌दिशी वाजलं. पण बसलो का? सात मिनिटं तसाच पळलो आन् जिल्ह्याची ढाल आणली!" गोष्ट ढालीपाशी संपायची. सरावात पाणी मागायची मग कुणाची टाप नव्हती.

शहाण्णव साली जिल्ह्याची फायनल बारामतीला होती. शेवटचा डाव उरलेला. चार गडी बाद केले की ढाल मास्तरांची. आणि ऐन मध्यंतरात प्रियदर्शनी, संघातली सगळ्यात चपळ पोरगी, पुढ्यात येऊन उभी राहिली.

"सर, गुडघा सुजलाय. मी बसते."

"बसते? अगं, गुडघाच न्हवं? माझा बघितलायस ना?"

"बघितलाय सर. म्हणूनच बसते. मला पुढंबी खेळायचंय."

रडली असती तर मास्तरांनी दोन शब्द सुनावून तिला मैदानात ढकललं असतं. ते त्यांना जमायचं. पण ही तर सरळ डोळ्यांत बघत होती, सगळ्या संघासमोर! 'भित्री' हा शब्द जिभेवर आला आणि तिथंच अडकला. भित्र्या पोरीला एवढं बोलायचं धाडस होतं का? मग हिला म्हणायचं तरी काय? मास्तरांचं डोकं पार चक्रावलं. तेवढ्यात पंचांनी शिट्टी फुंकली. त्यांनी घाईघाईनं राखीव गड्यांतल्या पिंकीला उतरवलं.

तीनच गडी बाद झाले. ढाल गेली.

परतीच्या एसटीत पोरी प्रियदर्शनीकडं बघेनात. ती गुपचूप मास्तरांच्या शेजारी येऊन बसली. मास्तर मनातून चिडले होते, पण नेमके कुणावर, तेच त्यांना कळत नव्हतं. पोरीवर? पिंकीवर? का स्वतःवर?

मग तिनं हळूच विचारलं, "सर, ढाल आणल्यावर पुढची म्याच कधी खेळलात?"

एवढ्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. मास्तर उगाच शर्टाची बटणं चाचपत राहिले.

"न्हाय खेळलो."

"म्हंजे कधीच न्हाय?"

"कधीच न्हाय गं." आवाज एकदम चिरकला, आणि भर एसटीत त्यांना रडू आलं. आपण तेव्हा धीट होतो, का आपल्याला 'खाली बस' म्हणणारं कुणी नव्हतं? त्यांना काही केल्या ठरवता येईना. त्यांनी नाक पुसलं, खिडकीकडं सरकले आणि तिला पाय लांब करायला जागा करून दिली.