देवीच्या माथ्यावरचे लोखंड

माझी धाकटी बहीण अनसूया आज पहाटे गेली, आणि माझ्या तोंडून एकही श्लोक निघाला नाही.

आयुष्यभर पोथी वाचली. आज नुसता बसून राहिलो.

तिचे माहेर खुटबाव, सासर केंदूर. बहात्तरच्या दुष्काळात सासरच्या विहिरीतला गाळ उपसताना एक लोखंडी वस्तू वर आली. अर्धगोल पट्टी, तिच्यावर अणकुचीदार काटे, दोन्ही टोकांना कड्या.

हे काय असावे, कोणालाच उलगडेना. कोणी म्हणे जुन्या नांगराचा भाग, कोणी म्हणे हत्तीचा अंकुश.

तिचे सासरे आबा म्हणाले, "आरं, ही तर आमच्या म्हातारीची कवळी! इहिरीत पडली व्हती व्हय?"

सारे पोट धरून हसले. पुढे आबांनीच मला हे सांगितले, मान खाली घालून.

म्हातारी, म्हणजे अनसूयेची सासू, हसली नाही. तिने ती वस्तू चिंचेने घासली आणि देवळातल्या लक्ष्मीआईच्या शेंदरी तांदळ्यावर ठेवली. त्या गोल शिळेवर ती नेमकी बसली.

"आईचा मुकुट हाय. दुस्काळात आई माघारी आली."

गाव लोटले. वस्तू कसली, हा प्रश्न तिथेच संपला.

त्या घरची रीत अशी, की आजारी लेकराला शिवेबाहेर न्यायचे तर आधी देवीला कौल लावायचा. ओल्या कळ्या डाव्या-उजव्या अंगाला चिकटवायच्या. उजवी पडली की देवीची परवानगी.

अनसूयेच्या तान्ह्या मुलाला ताप भरला. तिला त्याला शिरूरच्या डॉक्टरांकडे न्यायचे होते. सासूने कळ्या लावल्या. या वेळी मुकुटावर.

कळी पडेना.

दुसऱ्या दिवशीही पडेना.

अनसूया म्हणाली, "आत्याबाई, काट्यात रुतलेली कळी पडंल कशी? मुकुट न्हाई त्यो. वासराचं मुसकं हाय. आमच्या गोठ्यात व्हतं."

"गप बस. माहेरचा गोठा देवीला दावतीस व्हय?"

एस.टी. रोज गावातून जात होती. मूल आईच्या मांडीवरच गेले.

मी सांत्वनाला गेलो, तेव्हा म्हातारी मला हाताला धरून देवीपुढे घेऊन गेली. "तुमी पोथी वाचता. सांगा, आईनं कौल का न्हाई दिला?"

मी वर पाहिले.

आजोबांच्या गोठ्यात अगदी असेच होते. वासरू तोडायचे, म्हणजे त्याचे दूध सोडवायचे, तेव्हा ते त्याच्या तोंडावर बांधत. वासरू आचळाला लागले की काटे गाईला टोचत आणि ती स्वतःच्या वासराला लाथ मारून दूर करी.

"हे वासराचे मुसके आहे," मी म्हणालो.

कोणी प्रश्न विचारला नाही. कोणी गप्प बसवले नाही. मागोमाग आलेले आबा पुढे झाले आणि त्यांनी ते उपटून बाहेर फेकले.

अनसूया खांबाला टेकून उभी होती. डोळे कोरडे.

"दादा, मी ह्येच सांगितलं व्हतं. शबुद न् शबुद ह्येच."

मग म्हणाली, "तुझं लगीच पटलं की रं."

या वाक्याला मी कोणत्या शास्त्रात उत्तर शोधले नाही? प्रारब्ध म्हणावे, तर जीभ रेटत नाही. कर्मफळ म्हणावे, तर त्या तान्ह्याला कर्म करायला वेळ तरी कुठे मिळाला होता?

देवीच्या मनात काय होते, मला ठाऊक नाही. कळी लोखंडात रुतली होती, एवढे ठाऊक आहे.

तिला पुन्हा मूल झाले नाही. त्या देवळाकडे ती पुन्हा फिरकली नाही. मीही कधी चल म्हणालो नाही.

कृपया कमेंटमध्ये 'देवाची इच्छा' असे कोणी लिहू नये.

अनसूये, तू खरे बोलली होतीस. ज्यांनी ऐकायला हवे होते, त्यांच्यापैकी आता कोणीही उरलेले नाही. म्हणून इथे, चारचौघांत लिहितो.

तू खरे बोलली होतीस.

जा, बाई.