चूल विझलेली, जेवण गरम

माही सासू पंचफुला. तिचा उभ्या जन्मात कोणावर भरोसा बसला नाही. दूधवाल्यानं दूध घातलं का बोट बुडवून पाहे. दुकानातून तेल आणलं का तळहातावर चोळून वास घेये. मले पाहाले आली तवा माहे केस खरे हायत का गंगावन, हे पाहासाठी तिनं सगळ्यायसमोर माही वेणी ओढली. मी केवढ्यानं ओरडली! ती आपली शांतपणे म्हणते, "खरे हायत. पोरगी पसंत." तवाच मले समजाले पाहिजे होतं, पायलबाई, तुहं काही खरं नाही.

बोरी अरब गावात आमचं घर दोन खोल्यायचं अन् समोर ओसरी. शेजारी हमीदाखाला. तिचे मालक निजामुद्दीनचाचा फवाऱ्याचे पंप अन् इंजिनं दुरुस्त करत. मधात कमरेएवढी भिंत, ती ओलांडून दिवसभर येणंजाणं.

मी नांदाले आली त्याच्या दुसऱ्या सालची गोष्ट. दोन हजार पाच असन. कापसाचा भाव असा पडला का येचणीची मजुरीही निघे ना. माहे सासरे नागोराव, त्यायले मी मामाजी म्हणो, ते हट्टाले पेटले. म्हणे, "या भावात एक बोंड देत नाही. संक्रांत होऊ द्या, भाव चढते." झालं! समोरच्या खोलीत पार छताले भिडे तवर कापूस भरला. बुद्धाचा अन् बाबासाहेबाचा फोटो ओसरीत लावला, खाटा ओसरीत आल्या, अन् मागच्या खोलीतली चूल बंद झाली.

चूल बंद केली ती सासूनं. तिचं माहेर बाभुळगावकडचं. लहानपणी तिथं तिनं कापसानं भरलेलं घर जळताना पाह्यलं होतं. चुलीतली एक ठिणगी उडाली, बस. भिंती राह्यल्या, बाकी काही नाही. तिचं भ्याव खोटं नव्हतं, हे मी आधीच सांगून ठेवते, नाही तं म्हणसान पायल सासूच्या चुगल्या करते.

पण भ्यावालेही काही माप असते का नाही? घरातल्या सगळ्या माचिस तिनं जमा करून बाहेर वाटून टाकल्या अन् एकच ठेवली, ती कमरेच्या बटव्यात. बल्ब काढून टाकला, तार ठिणगी टाकते म्हणे. मामाजी वावरातून आले का आधी त्यायचं तोंड हुंगे, बिडीचा वास येते का म्हणून. आमचे हे, धम्मरत्न, बिडीले शिवत नाहीत, तरी त्यायचे खिसे झाडून पाहे. ओसरीत पाण्याच्या दोन बादल्या कायम भरलेल्या. अन् रोज दिवस बुडता बुडता कापसात खांद्यापर्यंत हात घालून चाचपे, आत कुठं गरम लागते का. कापूस आतल्या आत धुमसते, वरून दिसत नाही, हे तिचं पक्कं होतं.

मंग स्वयंपाक कुठं करायचा? हमीदाखाला म्हणाली, "माह्या अंगणात चूल हाय, दोघीयचं होते. कायले फिकर करता?" तं माही सासू तिलेच अट घालते! म्हणे, सांजचं वारं तुह्याकडून आमच्याकडे येते, दिवस बुडायच्या आत चूल विझली पाहिजे, वरून पाणी टाकलं पाहिजे. खाला हासली अन् कबूल झाली. मी असती तं चांगले दोन शब्द ऐकवले असते.

म्हणजे उन्हं हायेत तवरच भाकरी थापा अन् भाजी करा. माणसं वावरातून येत अंधार पडल्यावर, अन् सगळे आल्याशिवाय सासू घास तोंडात घाले ना. पुसाची, म्हणजे पौषाची थंडी! तवर भाकरीचं लाकूड अन् बेसनाचा दगड झालेला. आम्ही कसंबसं गिळो. सासू भाकरीचा तुकडा पाण्यात बुडवे, उलसा चावे, बाकी कुत्र्याले टाके. तिले खोकला लागला. बांगड्या मनगटावरून पार कोपरापर्यंत सरकत. मी म्हणो, "आत्याबाई, खालाकडे जाऊन चुलीपाशी गरम गरम खाऊन या ना." तं म्हणे, "अन् इथं कोण बसते? तू? तू तं मले हाकलूनच राह्यली. काहून?"

बुढीचे हाडं दिसून राह्यले होते अन् मले राग येऊन राह्यला होता. हो, रागच. कापूस वाचन अन् कापसाची मालकीण जाईन, हे काय शहाणपण झालं?

एक दिवस खाला दही लावत होती. थंडीत दही लवकर लागत नाही, म्हणून ती गंज, म्हणजे आपलं पातेलं, फडक्यात गुंडाळून कापसाच्या गाठोड्यात ठेवे. सकाळी दही घट्ट. मी म्हटलं, "खाला, दही लागते तं खिचडी काहून शिजणार नाही?"

खाला माह्या तोंडाकडे पाहातच राह्यली. "बेटा, तुही सास दोघीयले जिता गाडीन."

"गाडू द्या. कापसात गाडलं तं गरम तरी राहू."

पहिले आम्ही खालाच्याच घरी, गादीत गुंडाळून पाह्यलं. तुरीच्या डाळीचं वरण एक उकळी देऊन ठेवलं, ते निघालं टणक. निजामुद्दीनचाचा म्हणे, "हे वरण हाय का इंजिनाचे छर्रे?" मंग डाळतांदळाची खिचडी केली, मुगाची, ती झाक शिजली. मंग तुरीच्या ओल्या दाण्यायची भाजी, आम्ही तिले सोले म्हणतो, लसूण अन् हिरवी मिरची वाटून. ती चुलीवर अर्धी शिजवून ठेवायची, बाकीची आपली आपण शिजते. वांग्याचं भरीत कांद्याची पात घालून. अन् सगळ्यायत भारी म्हणजे ज्वारीच्या कण्या. आधी भिजवायच्या, खदखद उकळायच्या, गूळ घालायचा अन् झाकण लावून गुंडाळून द्यायच्या. लोण्यासारख्या होत. खाताना वरून खालाच्या बकरीचं दूध.

पण गादीत जेवण कोमटच राह्ये. गरम राहाले ढीग पाहिजे, अन् ढिगापुढं सासू बसलेली. मले मागची खोली आठवली. तिथून आतल्या दारापाशी कापूस टेकलेला होता. मागच्या दारानं घुसायचं, भांडे काढाचं निमित्त करायचं, अन् गंज आत सारायचा. गंजाची काजळी राखेनं घासून काढो, मंग जुनं लुगडं, वरून गोधडी. कापसाले डाग लागला तं भाव आणखी पडन, इतकी अक्कल मलेही हाय.

पहिल्या सांजीले मी सगळ्यायले खिचडी वाढली. ताटातून वाफ निघे. मामाजीयनं मागून मागून खाल्ली. सासूनं बोट लावलं अन् चटका बसल्यासारखा हात मागं घेतला.

"हे गरम कुठून आलं?"

"खालानं दिलं."

"हमीदाची चूल मी सोता पाहून आली. राख थंडी हाय तिची."

मी मामाजीयच्या ताटात आणखी खिचडी वाढाले लागली.

"खरं सांगशीन तवा खाईन," म्हणाली, अन् थंडी भाकरी पाण्यात बुडवली.

व माय! मी जिच्यासाठी एवढा खटाटोप केला, तीच उपाशी. दुसऱ्या दिवशी तिनं माहे केस हुंगले, पदर हुंगला, धुराचा वास येते का म्हणून. मागच्या खोलीत जाऊन बंद चूल पाह्यली. चुलीच्या तोंडावर कोळ्यानं जाळं केलेलं. ते पाहून कोणाचंही समाधान झालं असतं, ही आणखीच भेली. घरात आग नाही, शेजारी आग नाही, अन् जेवण गरम! मंग आग हाय कुठं? तिनं आमच्या यायच्यावर संशय घेतला, वावरात स्टोव्ह लपवला म्हणे. निजामुद्दीनचाचाच्या दुकानाची झडती घेऊन आली. मी अन् खाला भिंतीपाशी बोलताना दिसलो का म्हणे, "हासता काहून? दोघीयचं काही तरी चालू हाय."

चालू तं होतंच. पण सांगता कसं? सांगतलं तं गंज कापसात जाणं बंद, सगळ्यायचंच जेवण पुन्हा थंडं. नाही सांगतलं तं बुढी उपाशी. रोज ती ताटावर हात धरून वाफ पाहे. सोल्याच्या भाजीचा वास आला का तिच्या नाकपुड्या फुगत, मले ते दिसत होतं ना! अन् मंग मान फिरवून थंडी भाकरी चावत बसे. मले वाटे, हिच्या तोंडात घास कोंबावा अन् दोन्ही हातानं तोंड धरून ठेवावं. खोकला तं असा वाढला का रात्री खाट हाले.

एक दिवस म्या कापसात कण्या पुरल्या होत्या. तिले कण्या लय आवडतात हे मामाजीयनं सांगतलं होतं. मनात म्हटलं, आज तरी मोडन हट्ट. मी खालाच्या अंगणात भांडे घासत होती. मामाजी अन् हे आत्ताच वावरातून येऊन पाय धूत होते. अन् मागच्या खोलीतून सासूची किंकाळी आली.

"इस्तो! कापसात इस्तो! धावा व माय, धावा!"

इस्तो म्हणजे आग. रोज समोरून हात घालणारी बाई त्या दिवशी मागच्या बाजूनं पाहाले गेली होती. हाताले ऊब लागली, अन् झालं.

मी पळाली. गल्लीतले लोक पळाले. सासू ओसरीत येऊन बादली उचलून मागं धावली, तिच्या मागं दुसरी बादली घेऊन मामाजी. त्या कापसावर पाणी पडलं तं सगळा पिवळा पडणार, सडणार. ज्याच्यासाठी बुढी हिवाळाभर उपाशी राह्यली, तो कापूस ती आपल्या हातानं बुडवून राह्यली होती.

मी ढिगापुढं जाऊन दोन्ही हात पसरले. "आत्याबाई, इस्तो नाही! जेवण हाय, जेवण!"

बादली सुटलीच होती. सगळं पाणी माह्या अंगावर आलं, डोक्यापासून पायापर्यंत. पुसातलं पाणी, बाप्पा! मले श्वास घेता येये ना. मामाजी बादली धरून तिथंच थांबले.

"त्या जागी हात घाला," मी यायले म्हटलं. माहे दात वाजत होते. यायनं गोधडीचं गाठोडं ओढून काढलं. लुगडं सोडलं, झाकण काढलं. गुळाचा वास सुटला अन् वाफ वर आली. गल्लीतलं कोणी तरी हासलं.

भिंतीवरून खाला ओरडली, "पंचफुलाबाई, मारायचं तं मले मारा, गंज माहा हाय!"

सासू एकदा गंजाकडे पाहे, एकदा कापसाकडे. तिले काही समजून नाही राह्यलं होतं. अन् माहा बांध फुटला. मी लोकायसमोर रडली अन् रडता रडता भांडली. "हो, म्याच पुरलं! तुम्ही गरम खासान म्हणून पुरलं! साऱ्यायनं खाल्लं अन् तुम्ही नाही खाल्लं! हाडं पाहा तुमचे! तुम्हाले काही झालं तं या कापसाचं मी काय करू? पेटवू?"

एवढं बोलली अन् मीच भेली. त्या घरात तो शब्द कोणी काढत नव्हतं.

सासू पुढं आली. माहा हात धरून मले अंगणाच्या पार टोकाले, खालाच्या भिंतीपाशी घेऊन गेली. तुराट्यायचा भारा सोडला, काड्या मोडून रचल्या. मंग कमरेचा बटवा काढला. सगळी गल्ली पाहून राह्यली होती. पहिली काडी विझली. दुसरी पेटली. दिवस बुडल्यावर, कापसाच्या घराच्या अंगणात, पंचफुलानं सोता शेकोटी पेटवली.

"बस इथं," म्हणाली. आपली शाल माह्या अंगावर टाकली अन् माही वेणी सोडून पदरानं केस पुसत बसली. जोरात पुसे, मले दुखे, पण मी हूं का चूं केलं नाही.

खालानं दोन ताटल्यात कण्या वाढल्या, वर दूध ओतलं.

"खाय आधी," सासू म्हणाली.

"तुम्ही खा, मंग मी."

"मी सांगून राह्यली ना?"

"मीही सांगूनच राह्यली."

तिनं चमचा नाकापाशी नेला. हुंगला. खालाकडे पाह्यलं, माह्याकडे पाह्यलं. अन् घास घेतला. मंग दुसरा. "हमीदा, गूळ जास्त झाला," म्हणाली, अन् ताटली पुढं केली. शेवटी गंज बोटानं पुसून खाल्ला. मंग मीही माह्या ताटलीतला घास घेतला.

मामाजी दुरून म्हणाले, "वारं सुटलं. विझवू का?"

"राहू द्या उलसा वेळ. पोरीचे केस ओले हायत."

शेकोटी निवली तवा सासूनंच तिच्यावर पाणी टाकलं. राख हातानं चाचपून पाह्यली, दोनदा पाह्यली. मंग माचिस बटव्यात ठेवाले गेली अन् थांबली. ती माह्या ओटीत टाकली.

"घे. तुह्यापाशी ठेव आता."

मी मूठ मिटली. ती खाटेकडे चालली, ओसरीच्या पायरीवर थांबली, मागं वळली.

"काड्या मोजलेल्या हायत, पायल."